तळे, मंडई, मैदान : नगरपालिकेच्या प्रगतीचा दुसरा हिशेब

नगरपालिकेचा वार्षिक अहवाल वाचण्याची सवय आपल्या कार्यकर्त्यांना फारशी नाही. तो कंटाळवाणा असतो, आणि आपल्यापुढे अन्याय-अत्याचाराचे प्रश्न एवढे तातडीचे असतात की बागेतल्या कारंज्यावर किती खर्च झाला हे पाहायला सवड नसते. पण हा अहवाल एकदा नीट वाचावा. त्यात एक भाषा असते. इतक्या उद्यानांचे नूतनीकरण झाले, इतक्या क्रीडांगणांना कुंपण घातले, मुख्य चौकाचे सुशोभीकरण पूर्ण झाले, बाजारपेठेतील रस्ते रुंद झाले. शेवटी 'शहराचा चेहरामोहरा बदलला' असे एक वाक्य असते.

हा हिशेब खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. बाग ही चांगली गोष्ट आहे आणि मैदान तर फारच चांगली गोष्ट आहे. ज्याचे अख्खे कुटुंब दहा बाय दहाच्या खोलीत राहते, त्याला बागेची गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा जास्त असते. तेव्हा शहर सुंदर होण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. या अहवालात जो 'सार्वजनिक' शब्द पानोपानी येतो, त्यात आपण केव्हा आलो? कोणी आणले? की अजून पुरते आलेलोच नाही?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास नगरपालिकांच्याच दप्तरात आहे. मंडई, मैदान आणि तळे या तीन सार्वजनिक जागांच्या आधारे तो येथे थोडक्यात मांडतो.

१

पुण्याची मंडई आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ नाव रे मार्केट. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत दगडी, अष्टकोनी, उंच मनोऱ्याची इमारत बांधली आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहराचे केंद्र सुधारण्याचा एकोणिसाव्या शतकातला हा मोठा नमुना होय. आजही ती इमारत पाहिली की बांधणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल आदर वाटतो.

ज्यांचे नाव आज या मंडईला आहे, त्यांचा तिच्या बांधकामाला विरोध होता ही गोष्ट मात्र मंडईत भाजी घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढी मोठी रक्कम घालण्यापेक्षा ती गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, अशी त्यांची भूमिका होती. त्याच काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त नगरपालिकेने शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी त्याच्या विरोधात मत दिले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून आलेली आहे.

जोतीरावांच्या विरोधाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ते बांधकामाचे शत्रू नव्हते. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. पूल, धरणे यांची कामे त्यांनी जवळून पाहिली होती आणि दगड-चुन्याचा हिशेब त्यांना इतर सभासदांपेक्षा चांगला कळत होता. त्यांचा मुद्दा पैशाच्या उगमाचा होता. त्या काळी नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग जकातीतून येई. जकात धान्यावर बसे, सरपणावर बसे, तेल-तुपावर बसे. म्हणजे ती भाकरीबरोबर वसूल होई. महारवाड्यातला, मांगवाड्यातला, कुंभारवाड्यातला माणूस जे मूठभर धान्य विकत घेई, त्यातून तो नगरपालिकेच्या तिजोरीत भर टाकी. पण नगरपालिकेत मत कोणाला? ज्याच्याकडे मालमत्ता, ज्याच्याकडे सरकारी मान्यता, त्याला. कर भरताना जो 'जनता' होता, तो निर्णयाच्या वेळी जनता नव्हता.

जोतीरावांनी नगरपालिकेच्या सभागृहात मांडलेला प्रश्न तो हा. इमारत चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या घामाचा पैसा आहे त्यांची पहिली गरज कोणती, हे त्यांना विचारले का, एवढेच ते विचारत होते. १८६८ साली याच माणसाने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. खाजगी हौद सार्वजनिक करणारा माणूस नगरपालिकेत बसून सार्वजनिक पैशाचा हिशेब मागत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे त्यांचा विरोध कळतो.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. नाव दिले हे योग्यच झाले. पण आपल्याकडे अशी एक रीत पडली आहे की माणसाचा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि त्याचे नाव पाटीवर लावायचे. जोतीरावांचा प्रश्न मंडईच्या दगडी भिंतीत कोठेही कोरलेला नाही.

२

मंडईत प्रश्न पैशाचा होता. मैदानात तो माणसाच्या शरीराचा झाला.

मुंबईत इंग्रजांचा जिमखाना १८७५ साली निघाला. पुढे एतद्देशीयांनीही खेळण्यासाठी जागा मागितली, तेव्हा सरकारने समुद्रकाठच्या भराव घातलेल्या जमिनीचे तुकडे धर्मवार वाटून दिले. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना असे ते एका रांगेत उभे राहिले. मैदान ही सरकारी देणगी होती आणि ती माणसाला माणूस म्हणून मिळत नव्हती, जमातीचा सभासद म्हणून मिळत होती. या वाटणीत अस्पृश्यांचे स्वतंत्र खाते नव्हते. त्यांची गणना हिंदूंत. ती कशा प्रकारची गणना होती हे पाळवणकर बाळू यांच्या उदाहरणावरून दिसते.

बाळू चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपये पगारावर ते खेळपट्टीवर रूळ फिरवीत, जाळी बांधीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंना फलंदाजीची संधी क्वचितच मिळे. त्यांची कीर्ती झाली तेव्हा पुण्यातील हिंदूंच्या क्लबापुढे पेच पडला. जिंकायचे तर बाळू हवा, आणि धर्म पाळायचा तर बाळू नको. अखेर त्यांनी तडजोड काढली. बाळू मैदानावर त्यांच्याबरोबर खेळत, पण चहाच्या वेळी बाळूंना क्लबाच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला तो मुख्यतः बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही पुष्कळ वादावादीनंतर.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण क्रिकेट नव्हे. 'मैदान सर्वांना खुले आहे' या वाक्यात किती पायऱ्या लपलेल्या असतात, ते यावरून कळते. मैदानाला रूळ फिरवायला आत येणे ही एक पायरी, खेळायला आत येणे ही दुसरी, खेळून झाल्यावर सर्वांबरोबर बसून चहा पिणे ही तिसरी आणि संघाचा निर्णय घेणे ही चौथी. अहवालात मात्र चारही पायऱ्यांना एकच शब्द असतो. पहिल्या पायरीवर तर आपण नेहमीच होतो. शहरातील प्रत्येक सार्वजनिक जागा झाडायला, तिची गटारे उपसायला आणि तिथले मेलेले जनावर ओढायला आपल्याला कधी कोणी अडवलेले नाही.

३

आता तळे. महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावा असे नाही. पण तो आपण बहुधा धर्माच्या आणि अस्मितेच्या बाजूने वाचतो. नगरपालिकेच्या बाजूनेही तो वाचला पाहिजे, कारण चवदार तळे ही नगरपालिकेची मालमत्ता होती.

महाड ही तालुक्याची बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना खरेदी-विक्रीसाठी, सरकारी कामासाठी तिथे यावेच लागे. तळे गावाच्या मध्यावर, चारी बाजूंना रस्ता, रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरे. ते कोणी खोदले हे कोणालाच सांगता येत नव्हते. नगरपालिका झाली तेव्हा सरकारने ते तिच्या ताब्यात दिले आणि तेव्हापासून ते सार्वजनिक तळे म्हणून चालत आले होते. मुसलमान तिथे पाणी भरत. गुराढोरांना तळ्याचे पाणी मिळे. बाजाराला आलेला अस्पृश्य मात्र गावाच्या मध्यावर तहानलेला राही आणि पाण्यासाठी त्याला गावाबाहेरच्या वस्तीत जावे लागे. शहराच्या केंद्राला त्याचा माल हवा होता, त्याचे श्रम हवे होते. त्याची तहान नको होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या किंवा सरकारने अथवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय. या ठरावाची भाषा बारकाईने पाहावी. दया, औदार्य, भूतदया यांचा त्यात आधार नाही. आधार आहे तो सार्वजनिक पैशाचा. नगरपालिकेत जोतीरावांनी उपस्थित केलेला मुद्दा चाळीस वर्षांनी कायदे कौन्सिलाच्या ठरावात आला.

सरकारने सप्टेंबर १९२३ मध्ये खात्यांना तशा सूचना दिल्या आणि महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला की अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास नगरपालिकेची हरकत नाही. महाडमध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे प्रामाणिक सुधारक होते, त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण 'हरकत नाही' या शब्दांचा विचार करा. नगरपालिकेने ठराव वहीत लिहिला. त्यानंतर तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नाही, कारण घेतले असते तर त्याचे रक्षण कोण करणार होते? त्या तीन वर्षांत एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने अहवाल मागितला असता, तर महाडने ठरावाची अंमलबजावणी केली असेच उत्तर कागदावर देता आले असते. कागदावरच्या प्रगतीचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच बोल्यांना ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून तिची तयारी केली होती. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्या दिवशी नगरपालिकेचा १९२४ चा ठराव पहिल्यांदा अमलात आला. तो नगरपालिकेने अमलात आणला नाही. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनीच आपल्या ओंजळीने तो अमलात आणला. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून मंडपाकडे परतणाऱ्या लोकांना झोडपण्यात आले, आणि १०८ घागरी गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी तळे 'शुद्ध' करण्यात आले, हे सर्वश्रुत आहे.

नगरपालिकेने पुढे काय केले, हे तितके सर्वश्रुत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जोवर हक्क कोणी बजावत नव्हता तोवर तो ठरावात सुखाने नांदत होता. तो बजावला गेला आणि ठराव गेला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे सार्वजनिक नसून केवळ स्पृश्यांचे आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची रूढी अनादिकालापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. परिषदेला महाडात हिंदूची जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर भरली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून पुढे ढकलले.

दावा चालत राहिला. १९३१ साली खालच्या न्यायालयाने आणि १९३३ साली जिल्हा न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अनादि रूढी सिद्ध झाली नाही, असा निर्णय झाला. २० मार्च १९२७ पासून मोजले तर तीन दिवस कमी दहा वर्षे. नगरपालिकेच्या मालकीच्या एका तळ्याचे पाणी नगरपालिकेच्याच हद्दीत आलेल्या माणसांनी प्यावे, एवढे ठरायला दहा वर्षे लागली.

या सगळ्यातून 'सार्वजनिक' या शब्दाला मराठी मुलखात पहिल्यांदा खरा अर्थ आला. पाण्याला काही अलौकिक गुण आहे म्हणून आपण तिथे गेलो नव्हतो, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे ठरवायला गेलो होतो, असे बाबासाहेबांनी त्या वेळीच स्पष्ट केले होते. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की त्या दिवशी नगरपालिका म्हणजे काय, हेही ठरले. ती सवर्णांच्या पंचायतीचे नवे नाव नाही. सर्वांच्या पैशावर चालणारी आणि म्हणून सर्वांना जबाबदार असणारी ती संस्था आहे.

४

स्वातंत्र्यानंतर हा अर्थ संविधानात गेला. १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेली सार्वजनिक राबत्याची ठिकाणे यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, अशी तरतूद आहे. बोले ठरावाची भाषा आणि ही भाषा शेजारी ठेवून वाचावी. तोच तलाव, तोच निधीचा आधार. विद्यार्थ्यांना मी हे दाखवतो तेव्हा ते चकित होतात. आज कोणत्याही गावच्या बागेत कोणत्याही जातीचे पोर झोपाळ्यावर बसते, ते ज्या हक्काने बसते त्याचा उगम महाडच्या तळ्यात आहे. बागेच्या उद्घाटनाची कोनशिला हे सांगत नाही.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, १९७६ साली तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, त्यांत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवल्या आणि नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची बारावी अनुसूची जोडली. त्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा ही दहावी बाब आहे, शहरी दारिद्र्य निर्मूलन अकरावी, आणि उद्याने, बागा, क्रीडांगणे ही बारावी. तिन्ही बाबी लागोपाठ लिहिलेल्या आहेत. पण अर्थसंकल्पात आणि प्रत्यक्ष कामात त्या एकमेकींच्या शेजारी राहत नाहीत. पुष्कळदा तर बारावी बाब पुरी करण्यासाठी दहाव्या बाबीतल्या माणसांना उठवले जाते. आराखड्यात बागेचे आरक्षण असलेल्या जागेवर वीस-तीस वर्षे झोपड्या असतात. त्यांना पाणी नाही, संडास नाही, आणि एक दिवस बुलडोझर येतो तो 'उद्यानासाठी'.

आज कोणत्याही बागेच्या फाटकावर अमुक जातीला मज्जाव अशी पाटी नाही. ती लावणाऱ्याला तुरुंगात जावे लागेल. हे साधे यश नाही आणि ते कमी लेखू नये. पण पाटी नसतानाही माणूस बाहेर राहू शकतो. बाग वस्तीपासून तीन मैलांवर असली की राहतो. फाटकावर तिकीट लागले की राहतो. मळक्या कपड्यांतल्या पोरांना रखवालदार हटकतो तेव्हा राहतो. आणि वस्तीजवळचे मैदान कचऱ्याच्या गाड्या उभ्या करायला दिले जाते, तेव्हा त्याच्याजवळचेही काढून घेतले जाते.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. माझे वडील एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत झाडूवाले होते. गावातली एकुलती एक बाग त्यांच्या हजेरीच्या भागात येई. पहाटे साडेचारला ते बाग झाडायला घेत आणि सहाला फाटक उघडण्याआधी त्यांना बाहेर पडावे लागे, कारण फिरायला येणाऱ्यांना धूळ आणि झाडू दिसू नये असा मुकादमाचा हुकूम होता. सुट्टीत मी कधी त्यांच्याबरोबर जाई. अंधारात मी घसरगुंडीवरून घसरे आणि ते पाला गोळा करीत. उजेडात ती बाग आम्ही दोघांनी एकत्र कधी पाहिली नाही. संध्याकाळी जायला आम्हाला कायद्याने मज्जाव नव्हता. पण वडील म्हणत, "तिथं मुकादम बघंल, सायेब बघंल, उगा कशाला?" त्यांना कोणी अडवले नव्हते. अडवणारा त्यांच्या आत बसवला गेला होता. वडिलांनी झाडलेल्या बागेचा उल्लेख त्या वर्षीच्या अहवालात 'उत्तम निगा राखलेले उद्यान' असा झाला असेल. निगा राखणाऱ्याचे नाव अहवालात येण्याची पद्धत नाही. आज तर तो कायम नोकरही नाही. ठेकेदाराकडचा रोजंदार आहे आणि त्याचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर आहे.

५

जोतीरावांनी विचारलेला दुसरा प्रश्न अजून तसाच आहे : सुधारणा करण्याआधी, ज्यांची जागा आहे त्यांना विचारले का?

नागपूरचे दोन ताजे प्रसंग पाहा. अंबाझरी उद्यानाच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे सांस्कृतिक भवन होते. २०२१ साली ते पाडले गेले. परिसरात उद्यानाचा आणि पर्यटनाचा प्रकल्प व्हायचा होता. भवन पुन्हा उभे राहावे म्हणून स्त्रियांनी तेथे दीर्घकाळ ठिय्या दिला. दुसरा प्रसंग दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मोकळ्या मैदानावर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्या भूमीच्या विकासाचे काम सरकारी यंत्रणेने हाती घेतले. त्यात भूमिगत वाहनतळ होता. स्तूपाला धोका पोचेल, मोकळी जागा जाईल, असे लोक सांगत होते. कोणी ऐकेना, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले आणि त्यांनी काम बंद पाडले. त्याच दिवशी सरकारला त्या कामास स्थगिती जाहीर करावी लागली. या आंदोलकांना विकासाचे विरोधक म्हटले गेले. जोतीरावांनाही पुण्याच्या शहाण्यांनी असेच काही म्हटले असणार. दीक्षाभूमीचा विकास नको असे कोणीही म्हणत नव्हते. ज्यांची भूमी आहे त्यांना न विचारता तो होऊ नये, एवढेच म्हणणे होते.

मुंबईचे शिवाजी पार्क हे तिसरे उदाहरण, आणि ते आशा देणारे आहे. १९२५ साली मुंबई नगरपालिकेने हे मैदान केले. वर्षाचे बाकीचे दिवस तिथे क्रिकेट चालते, सकाळी लोक फिरतात. ६ डिसेंबरला ते वेगळे होते. चैत्यभूमीला येणारी माणसे तिथे उतरतात, भाकरी सोडतात, रात्र काढतात. पुस्तकांची दुकाने मांडली जातात आणि खेड्यातून आलेला शेतमजूर पोटाला चिमटा काढून पुस्तक घेतो. आपल्यासारख्या नियतकालिकांचा पुष्कळ खप त्याच मैदानावर होतो. तिथेही दरवर्षी कोणी ना कोणी गर्दीची, कचऱ्याची तक्रार करतो. पण गेली कित्येक वर्षे महापालिका त्या दिवसांत तिथे पाण्याचे नळ, फिरते संडास, दवाखाने, निवाऱ्याचे मंडप उभारते. हे आपोआप झालेले नाही. लोक येत राहिले, कार्यकर्त्यांनी निवेदने दिली, सभागृहात प्रश्न विचारले गेले, म्हणून झाले. लोक वापरतात म्हणून मैदान सार्वजनिक होते, आणि मग नगरपालिकेला त्यांची सोय करावी लागते. महाडचा क्रमही हाच होता.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की नगरपालिकेच्या दप्तराकडे पाठ फिरवू नका. आपापल्या गावच्या सभेचे जुने ठराव काढा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे, तो वापरा. तुमच्या गावात सार्वजनिक विहीर सर्वांना खुली केल्याचा ठराव केव्हा झाला आणि तिच्यावर पहिला माणूस केव्हा गेला, या दोन तारखांमध्ये किती वर्षांचे अंतर आहे ते शोधा. नवी बाग कोणत्या वॉर्डात झाली, आपल्या वस्तीपासून ती किती लांब आहे, तिच्यासाठी कोणाची घरे हलली, ती झाडणाऱ्याला महिन्याचे किती मिळतात, हे लिहून काढा. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार मी दरवर्षी ऐकतो. प्रत्येक गावच्या नगरपालिकेत असा एक विषय धूळ खात पडलेला आहे.

चवदार तळ्याला आज बांधीव काठ आहे आणि तेथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. २० मार्चला तिथे गर्दी होते. नगरपालिकेच्या अहवालात त्या सुशोभीकरणाचा खर्च नोंदलेला असणार, आणि तो झाला हे चांगलेच झाले. पण त्याच दप्तरात ४ ऑगस्ट १९२७ चा ठरावही आहे. पुतळ्याला हार घालताना तो ठराव आपण विसरता कामा नये. एका नगरपालिकेने दिलेला हक्क तिनेच साडेतीन वर्षांत काढून घेतला होता. तो परत मिळाला तो लोक तळ्यावर गेले होते म्हणून, आणि दहा वर्षे न्यायालयात मागे हटले नाहीत म्हणून.